रक्तदाब आणि रिकामी खुर्ची

"येतो मी, पण फक्त हाताला पट्टा बांधून घ्यायला. गाणी नाहीत, गुडघे टेकणं नाही," थॅडियस हॅगन्स पत्नीला निक्षून म्हणाले.

"बरं बाबा," ओडेसा म्हणाल्या. गेल्या हिवाळ्यात थॅडियस यांच्या थोरल्या भावाला अर्धांगवायूने गाठल्यापासून ओडेसांना स्वस्थ झोप नव्हती. आणि अलाबामातील त्या गावी रक्तदाब विनामूल्य तपासणारे स्थान एकच होते, माउंट निबो बॅप्टिस्ट चर्च.

चाळीस वर्षे त्या पायऱ्या न चढलेले थॅडियस मागच्या बाकावर बसले. प्रवचन संपताच व्यासपीठापुढे एक रिकामी खुर्ची मांडण्यात आली. येशूला शरण जाऊ इच्छिणाऱ्याने तीत येऊन बसावे, हा तेथील परिपाठ. पास्टर मॅब्री बाहू पसरून म्हणाले, "ज्याच्या छातीवर ओझं आहे, त्यानं पुढं यावं. लाजू नका."

हे लक्षण थॅडियस यांना सर्वस्वी वैद्यकीय वाटले. ते खुर्चीत जाऊन बसले, बाही दुमडली आणि हात पुढे केला.

पास्टरांनी तो दोन्ही हातांत घेतला. ऑर्गन घुमू लागला.

"बोला ब्रदर हॅगन्स, काय होतंय?"

"चक्कर येते. मधेच डोळ्यांपुढं उजेड चमकतो."

"यांना उजेड दिसलाय," पास्टर सभेला म्हणाले. सभा उभी राहिली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका डीकननी बाप्तिस्म्याचा प्रस्ताव मांडला, दुसऱ्यांनी अनुमोदन दिले. "पट्टा कुठाय?" हा प्रश्न गजरात विरून गेला. नकार द्यावा, तर समोर ओडेसा रडत होत्या.

अखेर भोजनगृहात नर्स व्हर्डेल यांनी पट्टा बांधला. काटा एकशे अठ्ठ्याण्णववर थांबला.

"पास्टर, यांना इतक्यात पाण्यात बुडवायचं नाही. आधी डॉक्टरकडं, मग गोळ्या. एकशे तीसच्या खाली आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही."

थॅडियस यांचा चेहरा उजळला. "मग राहू दे की वरच."

"तो वर राहिला, तर तूही वर जाशील," ओडेसा म्हणाल्या.

डॉक्टरांनी दिलेल्या पहिल्या दोन गोळ्या थॅडियस यांनी कुंडीत पुरल्या. तिसऱ्या दिवशी भावाकडे गेले, त्याला चमच्याने भरवले आणि घरी परतून मुकाट्याने गोळी गिळली.

सातव्या रविवारी व्हर्डेल म्हणाल्या, "एकशे अठ्ठावीस." पास्टर तत्काळ बाप्तिस्म्याच्या हौदाचा नळ सोडायला धावले.

थॅडियस यांनी बाही सावकाश खाली केली आणि पत्नीकडे कलून म्हणाले, "त्याला म्हणावं, पाणी कोमट ठेव. गारठ्यानं माझं बीपी चढतं."