मुक्या पाखरांचं गाणं

संगीताच्या बाईंनी पेटीवरचे हात उचलले आणि कपाळाला लावले. मुलांच्या प्राथमिक शाळेची अख्खी तिसरी समोर उभी राहून 'रानातली सकाळ' या नाटुकल्यातलं पाखरांचं गाणं म्हणत होती. ते ऐकून खऱ्या रानातली पाखरं बिऱ्हाड हलवून गेली असती.

"बाई, झकास झालं ना?" पोपट झालेल्या मुलाने विचारलं.

"छान झालं हो," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

संमेलन तोंडावर आलं होतं. संगीताच्या तासावर गणिताच्या सरांचा कधीपासून डोळा होता आणि हेडसरांनी तर स्पष्टच बजावलं होतं, "या वेळी नाटक पडलं की तास गणिताला. मग तुम्ही दुसरी शाळा बघा." बाईंना दुसरी शाळा नको होती. या कार्ट्यांनी त्यांचा जीव खाल्ला होता, तरीही नको होती.

शेवटी बाईंनी शक्कल लढवली. सगळ्यांत बेसूर होता कावळा झालेला जाड्या. त्याला कोपऱ्यात नेऊन त्या कुजबुजल्या, "तू नुसतं तोंड हलव. आवाज काढायचा नाही. हे आपल्या दोघांतलं गुपित, कुणाला सांगायचं नाही!" जाड्या खूश झाला.

फरक पडला. इतका पडला की त्याच्या मागे दडलेलं घुबड ऐकू येऊ लागलं. मग घुबडाच्या कानात तेच. घुबड गप्प झालं, तर मोराचं बिंग फुटलं. हा बेसूरपणा कांद्यासारखा होता, एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा. संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे पंख चिकटवतानाही बाई कुणाकुणाच्या कानाला लागत होत्या. आपण कुणाला सांगितलं आणि कुणाला नाही, याचं भान त्यांना उरलं नव्हतं. पोपट तेवढा सुरात गायचा, सगळी भिस्त त्याच्यावर.

एरवी या पोरांच्या तोंडात तीळ भिजत नसे. नेमकं याच वेळी एकानेही गुपित फोडलं नाही.

पडदा वर गेला. विंगेत बसून बाईंनी पेटी सुरू केली. अख्ख्या रानाने झोकात चोची उघडल्या आणि आवाज आला तो एकट्या पोपटाचा. आपलाच आवाज येतोय म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटून तो बिचारा पहिल्याच ओळीला थांबला आणि बाकीच्यांसारखं तोंड हलवू लागला.

"गा रे! अरे गा मेल्यांनो!" बाई दबक्या आवाजात किंचाळल्या.

जाड्याने त्यांच्याकडे बघून डोळा मारला आणि जबडा आणखी वासला.

"माइक गेला वाटतं!" एका मुलाचे वडील मागून ओरडले. "माझा गातोय, मला दिसतंय ना!" एक आई म्हणाली. पेटी एकटीच वाजत राहिली आणि कसंबसं गाणं संपलं. पडदा पडला, तशी शिक्षकांच्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंना वाटलं, आपली टर उडवताहेत.

हेडसर आत आले. मागोमाग गणिताचे सर.

"बाई!" हेडसरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "या शाळेत माझे केस पांढरे झाले. ही पोरं एका जागी उभी आणि तोंडातून चकार शब्द नाही, हे मी आज पहिल्यांदा बघितलं!"

"अहो सर, पण गाणं..."

"गाण्याचं काय घेऊन बसलात! तास तुमच्याकडेच. उद्यापासून रोज. गणिताचा काढून देतो, यांच्या तासाला छप्पर उडायची वेळ येते."

गणिताच्या सरांनी वादही घातला नाही. "बाई, कानात काय सांगता हो त्यांना?" त्यांनी काकुळतीने विचारलं. "मलाही सांगा ना."

बाईंच्या जिवात जीव आला. नोकरी वाचली, वर रोजचा तास! आता एकेकाला समोर बसवायचं, स्वर पक्के करून घ्यायचे, जाड्यालासुद्धा गाता करायचं. त्या मनाशी बेत रचू लागल्या, इतक्यात दारापर्यंत गेलेले हेडसर परत वळले.

"तेवढं एक करा बाई," ते हात जोडून म्हणाले, "त्यांना गाणं मात्र शिकवू नका."