नारोपंत वैद्य आणि बोलक्या आरशाची बखर

श्रीगजानन प्रसन्न, सरस्वती प्रसन्न, आणि ऐकणारे प्रसन्न असोत वा नसोत, कारण पुढे जे लिहिले आहे त्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. न ठेवावा. लिहिणाराने डोळ्यांनी पाहिले, दोन वेळा स्वतःस चिमटा काढोन पाहिले, तरी त्याचाही विश्वास बसला नाही. परंतु शके सोळाशे बहात्तर, प्रमोद नाम संवत्सर, चैत्र मासी, एके राज्यी (राज्याचे नाव लिहू नये ऐशी ताकीद आहे) वर्तमान ऐसे जाहले की, ज्वर, खोकला, पोटदुखी यांचे वैद्य गावोगाव होते, पण अंगावरील डाग, चट्टे, पुरळ बिनचूक ओळखणारा जाणता एकच, गिरमाजी पंडित, आणि तो राजधानीत, दोनशे कोसांवर. रोग्याने चालत निघावे तो वाटेत पुरळ तरी जावे, नाहीतर रोगी तरी. मग महाराजांनी मसलत करोन कारागिरांकडून जोडीचे आरसे घडविले आणि गावोगावच्या घरवैद्यांस एक एक पाठविला. इकडील आरशापुढे चट्टा धरावा, तो त्याच क्षणी राजधानीतील आरशात उमटावा, आणि गिरमाजींची वाणी इकडे खणखणीत ऐकू यावी. शर्ती दोन. सकाळच्या उजेडात धरावे, आणि चट्ट्याशेजारी जोंधळ्याचा एक दाणा ठेवावा, म्हणजे चट्टा केवढा ते दुरून कळावे. बाकी हात लावणे, औषध देणे, पुढे रोज पाहणे हे घरवैद्यांचे घरवैद्यांकडेच.

आता त्या राज्यात नारोपंत म्हणोन घरवैद्य होते. बत्तीस वर्षे गावाच्या नाड्या त्यांच्या बोटांखाली. कोणाच्या घरी कोणास पडसे होणार हे त्यांस आदले दिवशी शिंक ऐकोनच कळे. त्यांच्या ओसरीवर आरसा आला आणि खुंटीस टांगला गेला आणि त्या दिवसापासोन नारोपंतांचे अन्न गोड लागेना. कारण पहिल्याच आठवड्यात लखू परीट हात खाजवीत आला. नारोपंत त्यास वर्षभर नायट्याचा लेप देत होते. आरशातून गिरमाजी बोलिले, "नायटा नव्हे, खरूज आहे. एकट्यास औषध देवोन काय होणार? घरातील सर्वांस एकाच दिवशी लेप लावा आणि अंथरुणे उकळत्या पाण्यात घाला." नारोपंतांनी नऊ माणसांस लेप लाविला, अंथरुणे परटाचीच, ती परटानेच उकळली, आणि पंधरा दिवसांत खाज गेली. मग लखू पेढे घेवोन आला आणि ते आरशापुढे ठेविले! नारोपंत पाहतच राहिले. पुढे पुढे तर लोक ओसरीवर येत आणि म्हणत, "पंत, जरा बाजूला सरा, तुमची सावली आरशावर पडते."

तेव्हा मत्सर म्हणजे कैसा? नारोपंत ज्या पाटावर बसत तो पाट तापे, मांजर त्यावर निजावयास येई. त्यांनी दुधाकडे पाहावे तो दूध फाटे. गिरमाजींचा आवाज गोड, म्हणोन नारोपंत हळूच म्हणत, "आवाज गोड असणाऱ्यांची पोटे साफ होत नाहीत." गिरमाजी प्रत्येक वेळी विचारीत, "वैद्यराज, आपणांस काय वाटते?" तर नारोपंत मनात म्हणत, पाहा, माझी परीक्षा घेतो! आणि मोठ्याने म्हणत, "आपण जाणते, आम्ही काय, खेड्यातले."

मग वैशाखात ऐसे जाहले की, नारोपंतांचे कुटुंब सगुणाबाई पाण्याची घागर घेवोन येताना थोड्या लंगडल्या. तळपायास काळा ठिपका होता. नारोपंतांनी तो फाल्गुनातच पाहिला होता, भोवरी, म्हणजे साधे कुरूप, म्हणोन सांगितले होते आणि वर चुना-गूळ लाविला होता. तो ठिपका आता एका अंगास पसरला होता, कडा वाकडी जाहली होती आणि परवा पायपुसण्यावर रक्ताचा डाग पडला होता. सगुणाबाई म्हणाल्या, "त्या पंडितांस दाखवू या का?"

नारोपंतांच्या हातातील खल निसटला. ज्या बाईने बत्तीस वर्षे त्यांच्याच हातचा काढा तोंड वाकडे न करता घेतला, तीही!

"परक्या पुरुषास पाऊल दाखवणार?"

"पाऊलच दाखवायचे आहे, तोंड नाही. अन् तोंड दाखवायला ते तरुण असायला हवेत."

"तरुणच आहे मेला," नारोपंत बोलिले, आणि बोलोन गेल्यावर लाजिले.

ऐसे आठ दिवस टाळिले. आज आभाळ आहे, आज आरसा पुसावयाचा आहे, आज पंडितांचा उपास असेल. नवव्या दिवशी सगुणाबाई भिंतीचा आधार घेवोन चुलीकडे गेल्या, तेव्हा नारोपंतांनी मुकाट्याने आरसा पुसावयास घेतला. रागाहून भय मोठे जाहले. परंतु मत्सर फार चिवट, तो भयाच्याही खांद्यावर चढोन बसतो. आरशापुढे पाऊल धरिले तेव्हा नारोपंतांनी जोंधळ्याच्या जागी मक्याचा दाणा ठेविला. दाणा मोठा, म्हणजे डाग लहान दिसेल, पंडित म्हणेल की भोवरीच, आणि बत्तीस वर्षांची शान राहील. ऐसा विचार.

मग गिरमाजी बोलिले, "वैद्यराज, दाणा मक्याचा आहे. चट्टे पाहोन पाहोन दाण्यांचीही ओळख जाहली आहे. गडबडीत हातास आला असेल. जोंधळ्याचा ठेवा." नारोपंतांचे कान लाल जाहले. दाणा बदलिला. डाग एकाएकी केवढा तरी दिसला. "आता सांगा," पंडित म्हणाले, "हा कधीपासोन? किती वाढला? रक्त आले काय? हे आरशास कळत नाही, रोजचे पाहणारासच कळते."

आता येथून पुढे जे घडले ते ऐकोन शत्रूंनी बोटे तोंडात घालावी. नारोपंत सिंहासारखे उठले आणि गर्जोन बोलिले, "भोवरी आहे! आणि भोवरीच राहील!" आणि आरसा उचलोन अंगणात आपटिला, त्याचे सातशे तुकडे जाहले, आणि प्रत्येक तुकड्यात गिरमाजी एक एक लहान होवोन "क्षमा, क्षमा" म्हणू लागले. मग नारोपंतांनी सात डोंगरांवरील सात मुळ्या एका प्रहरात आणोन लेप केला, तो लाविताच डाग उडी मारोन पळाला, तो वेशीपर्यंत लोकांनी पाहिला. मग गिरमाजी पंडित दोनशे कोस अनवाणी चालत आले आणि पागोटे नारोपंतांच्या पायांवर ठेवोन म्हणाले, "गुरू भेटला." आणि महाराजांनी पालखी पाठविली आणि सर्व राज्यातील आरसे फोडविले. एवंच, जो वैद्य घरचा तोच खरा, दुरून पाहणारा तो दुरूनच बरा, ऐसे या हकिकतीचे सार, ते ऐकणारांनी चित्ती धरोन...

"खोटं!"

बखरीचा हा शेवट, नारोपंतांनी सांगोन लिहविलेला, ओसरीवर वाचिला जात होता, पंचवीस-तीस माणसे बसली होती, नारोपंत मध्ये लोडास टेकोन मिशीस पीळ देत होते. दारातून सगुणाबाई पुढे आल्या. सरळ आल्या, भिंत न धरता.

"आरसा फोडला म्हणे! तो काय तुमच्या डोक्यावर टांगलाय." सर्वांनी वर पाहिले. आरसा होता. मग बाईंनी पायरीवर पाऊल टेकविले आणि तळवा वळवोन दाखविला. तेथे लांब, पांढरी, शिवलेली खूण होती. "आणि ही कुठल्या मुळीची? इकडच्याच हाताने कापलंय. फाल्गुनापासूनचं सगळं कबूल केलं त्या आरशापुढे, मान खाली घालून. घाम कपाळावरून माझ्या पायावर ठिबकत होता. पंडित सांगत होते, अजून दाणाभर कडेने घ्या, अजून दाणाभर खोल. आणि शेवटी काय म्हणाले ते का गाळलंत?"

लखू परटाने विचारिले, "काय म्हणाले, बाईसाहेब?"

"म्हणाले, वैद्यराज, मी नुसते ओळखले. स्वतःच्या माणसावर चाकू धरून हात न हलणे, हे मला जमले नसते. बाई वाचल्या त्या आपल्यामुळे."

सगळी सभा नारोपंतांकडे वळली. त्यांनी मिशी सोडिली, आणि भिंतीकडे तोंड करोन म्हणाले,

"तेच तर सोसवत नाही मला. मेला चांगलाही निघाला."