डॉक्टर राखणारे मुंजामामा

आमच्या गावात दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत आजारी पडायला बंदी होती. ही बंदी सरकारची नव्हती, ग्रामपंचायतीचीही नव्हती. ती मुंजामामांची होती, म्हणजे जास्त कडक होती. सरकारचा हुकूम मोडला तर फार तर एखादा कागद येतो. मामांचा मोडला तर मामा स्वतः येत, आणि येताना शिट्टी वाजवत येत.

मी गावच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर. इंजेक्शनं, बाळंतपणं, लसी, आणि हे सगळं केल्याचं मोबाईलात रोजच्या रोज भरणं, हे माझं काम. माहेर पेडगावचं, त्यामुळं बोलणं जरा फटकळ आहे. माझ्या सासूबाई म्हणतात जरा नाही, बरंच. असो. सांगायचंय ते मामांबद्दल.

मुंजामामा नोकरीत असताना पाटकरी होते. येलदरी धरणाचं पाणी कालव्यानं येतं, आणि आज कुणाच्या शेताला, उद्या कुणाच्या, ही पाळी लावून देणारा तो पाटकरी. आमचं गाव कालव्याच्या पार शेवटाला. पाणी इथवर येईपर्यंत वरची गावं ते पिऊन मोकळी झालेली असतात. मामांनी सगळी उमर ते उरलंसुरलं पाणी राखण्यात घालवली. रिटायर झाले आणि त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरचंही तेच आहे. "सिस्टर, आपण टेलची मानसं. पानी बी वरच्यावर मुरतंय आन् डॉक्टर बी. आला की राखायला पायजे." मग त्यांनी डॉक्टर राखायला घेतला.

डॉक्टर आमच्याकडं टिकत नसत हे खरं. एक आले, त्यांना क्वार्टरमध्ये पाल दिसली, त्यांनी गाडीचं तोंड फिरवलं. एक हजर झाले आणि लगेच रजेवर गेले, ते बहुतेक अजून रजेवरच असतील. एकांना गाव फार आवडलं होतं, पण ते त्यांच्या बायकोला आवडलं नाही. दर नव्या डॉक्टरमागं मामा पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन नारळ फोडून येत. देवालाही आता मामा दिसले की कळत असणार, दवाखान्यात नवीन माणूस आलं म्हणून.

गेल्या वर्षी डॉक्टर मॅडम आल्या. कोल्हापूरकडच्या, नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, सरकारी सेवेच्या बॉण्डवर. त्या जीपमधून उतरल्या तर मामांनी आधी त्यांचं सामान बघितलं, मग त्यांना. दोन बॅगा बघून त्यांचं तोंडच उतरलं. "टिकायच्या न्हाईत बगा सिस्टर. टिकणाऱ्या बाईच्या सामानात पोळपाट असतोय." दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच्या घरचा पोळपाट धुऊन, पुसून, काखेत मारून हजर. मॅडमना पोळ्या येत नव्हत्या. त्यांनी त्यावर लॅपटॉप ठेवला. मामांना तेवढंही पुरलं. "वापरायल्यात ना, बास."

मग बंदोबस्त सुरू झाला. क्वार्टरच्या मागं किशनरावांचा कोंबडा होता. मामांनी त्याची बदली शेतातल्या आखाड्यावर केली. सरकारी दवाखान्याच्या परिसरात ऑर्डर निघाली त्याच दिवशी अंमलात आलेली ती एकमेव बदली. भजनी मंडळाला टाळ हळू वाजवायला सांगितलं. मॅडम दुपारी आडव्या झाल्या की मामा क्वार्टरसमोरच्या कडुलिंबाखाली दगडावर बसत. कुणी जोरात बोललं की शिट्टी. कुत्रं भुंकलं की शिट्टी. कुत्रं का भुंकलं म्हणावं, तर मामांच्या शिट्टीनं. मामांची शांतता इतकी मोठ्यानं चालायची की मॅडमचा दुपारी डोळा लागणं अवघड झालं. पण ते सांगायची त्यांना भीड वाटे.

त्यावरही कडी म्हणजे मामांनी पेशंटना पाळ्या लावून दिल्या. सोमवारी वेशीकडल्यांनी बिमार पडायचं, मंगळवारी तांड्याकडल्यांनी, बुधवारी माळवाडीनं. वेशीकडलं पोर मंगळवारी तापलं तर त्याची आई मामांच्या पाया पडायची, मग मामा खास बाब म्हणून सोडायचे. शिवाय आजार कोणता आणायचा हेही तेच ठरवायचे. "मॅडम नव्या हायती. आल्या आल्या एकदम मोठं काई काढू नका. आदी सर्दीपडसं घेऊन या. हात बसू द्या." कुणी म्हणालं गुडघा दुखतो आणि कंबरही दुखते, तर मामा डोळे वटारायचे. "दोन दोन सांगायलाव व्हय? गुडघा सांगा. कंबर पुढच्या पाळीला."

लोकही ऐकायचे हो! कारण डॉक्टर गेला की काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. पुन्हा जीप, पुन्हा परभणी, पुन्हा दिवस बुडवून तिथल्या रांगेत उभं राहणं. त्यापेक्षा कंबर थांबलेली बरी.

महिनाभरानं मॅडम मला विचारायला लागल्या, "सिस्टर, या गावात सर्दीशिवाय काहीच कसं नाही? कसली साथ आहे का?"

"आहे ना," म्हटलं, "मुंजामामांची."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत केली.

आता माझंही सांगते, म्हणजे मनात राहायला नको. मामा मॅडमना सकाळी धारोष्ण दूध द्यायचे, दुपारी ताक, संध्याकाळी शेंगा. मला? मला सकाळी "जयभीम सिस्टर, काय म्हंती तब्येत?" एवढं म्हणायचे आणि उत्तर न ऐकताच पुढं जायचे. माझ्या क्वार्टरच्या पत्र्यावर वानरं नाचतात, त्यांच्यावर कधी शिट्टी वाजली नाही. दोन उपकेंद्रं आणि हा दवाखाना मी एकटी ओढते, माझी झोप कुणी राखली नाही. एकदा मी तोंडावरच विचारलं. मामा खरंच गोंधळले. "तुमचं काय राखायचं सिस्टर? तुमी इथल्याच. तुमी कुटं जाताव?" त्या दिवशी मी अशी चिडले की रागाच्या भरात दोन्ही उपकेंद्रांची माहिती दुपारपर्यंत भरून टाकली.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये सोपान आला. सोपान म्हणजे मामांच्याच शेजारचा. भर दुपारी कडबा काढताना त्याला विंचू डसला. लाल विंचू. आमच्याकडं तो हसण्यावारी न्यायचा नसतो, माणूस जातो. मी लसीकरणाला तांड्यावर गेलेले. सोपान कळवळत दवाखान्यात आला तर लिंबाखाली मामा. मामांनी त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, वारा घातला, सगळं केलं. फक्त मॅडमना उठवलं नाही. "जरा दम धर. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. वरडू नको, हे चाव." आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्या तोंडात कोंबला.

मॅडम जाग्याच होत्या. खिडकीतून त्यांनी बघितलं, एक माणूस घामानं निथळतोय, तोंडात टॉवेल आहे आणि बाजूला मामा त्याला वारा घालतायत. त्या अनवाणी पळत आल्या. सोपान वाचला. संध्याकाळपर्यंत त्या त्याच्या उशाशी बसून होत्या. मी परत आले तेव्हा त्या तशाच अनवाणी होत्या.

"सिस्टर, मी बदली मागणार आहे," त्या म्हणाल्या. "झोप नाही म्हणून नाही. इथली झोप नसणं मला चालतं. पण माझ्या दारात माझ्या नावानं पेशंट अडवतात आणि मला पत्ताच नसतो. उद्या कुणी मेलं तर ते मीच मारलं ना?" मग सगळंच बाहेर आलं. पाळ्या, सर्दी, गुडघा, कंबर. मी सांगत गेले तशा त्या पांढऱ्या पडत गेल्या. "किती लोकांचं बीपी मी तपासलंच नाही!" एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते माझं दूध वाढवतील."

म्हणजे डॉक्टर चालला होता, आणि राखणदारामुळंच चालला होता. हे मामांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगते, मला जरा आनंदच झाला. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, आज सगळं ऐकवते म्हणून पदर खोचून निघाले.

मामांच्या घरी मी कधी गेले नव्हते. मामी पुण्याला मुलाकडं असतात एवढं माहीत होतं. आत गेले तर ओसरीवर मधोमध एक खुर्चीचा संडास. नवा कोरा, प्लास्टिकही न काढलेला, पाटावर मांडलेला. एखाद्या घरात गणपती बसवतात तसा. मामा त्याच्यावरची धूळ पुसत होते आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर बोलत होते. फोनमधून मामींचा आवाज येत होता. जेवलात का नाही, बरं हाय का नाही, काही नाही. पहिलाच प्रश्न, "मॅडम हाय का अजून?"

"हाय, हाय," मामा म्हणाले. "दवाखान्यातच हाय."

"मंग बोला की पोराशी."

"बोलतो. जरा रुळू दे तिला."

फोन ठेवून त्यांनी मला बघितलं आणि ओशाळले. मी विचारलं, हे काय मांडून ठेवलंय? तेव्हा कळलं. मामींना मागं झटका येऊन गेला, एक पाय ओढतो. रोज बीपीच्या गोळ्या, दर थोड्या दिवसांनी तपासणी. मुलगा म्हणाला, गावात डॉक्टर नाही, आईला तिथं ठेवणार नाही. बरोबरच होतं त्याचं. मामा दोनदा पुण्याला जाऊन राहिले, पण चौथ्या मजल्यावर त्यांना दिशाच कळेनात. तेव्हापासून म्हातारा इकडं आणि म्हातारी तिकडं. गावात डॉक्टर आला की मामी पिशवी भरतात, डॉक्टर गेला की रिकामी करतात. "एकदा तर परभनी टेशनावर उतरली होती सिस्टर. मी गाडी घेऊन गेलो. तितक्यात गावातनं फोन, डॉक्टर गेला म्हनं. टेशनावर चहा पेलो दोघं. मंग तिला उलट्या गाडीत बसवून दिलं." हा संडासही तेव्हाच आणलेला, मामींना खाली बसता येत नाही म्हणून. "बसवलाच न्हाई. ती यायली का न्हाई ते ठरल्याबगर कशाला भिंत फोडायची."

माझा खोचलेला पदर कधी सुटला कळलं नाही. पण सांगायचं ते सांगितलं. गोड करून सांगता मला येत नाही. म्हटलं, मामा, मॅडम जायच्या म्हणतायत, आणि तुमच्यामुळं जायच्या म्हणतायत. सोपान आज मेला असता.

मामांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटलं, वापरलं कमी की टिकतंय जास्ती." आणि मग, "मॅडमला सांगा, मी दवाखान्याच्या रस्त्याला बी दिसनार न्हाई. पन तिला जाऊ देऊ नका."

ते खरंच दिसेनासे झाले. मधल्या गल्लीनं जायचे, लांबचा फेरा मारून. आणि गाव दवाखान्यावर तुटून पडलं. दाबून ठेवलेले सगळे गुडघे, सगळ्या कंबरा, शुगरा, बीपी, कुणाचं जुनं मोडलेलं बोट. मॅडमना मान वर करायला फुरसत मिळेना. दमून जायच्या, पण बदलीचं नाव पुन्हा काढलं नाही. एक दिवस हात धुता धुता त्यांनी विचारलं, मामा कुठं आहेत? मी सगळं सांगितलं. संडासासकट.

मॅडम हात पुसायचंच विसरल्या. मग मामांच्या मुलाचा नंबर मागितला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "मी तुमच्या गावची डॉक्टर बोलतेय. आईंना पाठवा. त्यांची तपासणी मी करेन." पलीकडून मुलगा काहीतरी विचारत होता. मॅडम म्हणाल्या, "नाही, कायमचं नाही सांगू शकत. आहे तोवर आहे."

मामी आल्या. मामा त्यांना घेऊन दवाखान्यात आले ते चोरासारखे, भिंतीला धरून. मी मामींचा हात धरून आत नेलं. मामी बारक्या, ठसठशीत कुंकू, बोलायला मामांपेक्षा वरचढ. मॅडमनी बीपी बघितलं, पाय बघितला, गोळ्या बदलून दिल्या. मामी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी एकदम विचारलं, "बाई, तुमी कवा जाणार?"

मामांनी डोळे मिटून घेतले. मॅडम खोटं बोलल्या असत्या तर मला चाललं असतं. पण त्या म्हणाल्या, "मामी, पुढच्या शिक्षणाला नंबर लागला तर उन्हाळ्यात जाईन."

मामींनी मान हलवली. बाजार कधी भरतो हे कळल्यावर हलवावी तशी.

"मंग उन्हाळ्यापस्तोर मी बी हाय," त्या म्हणाल्या आणि मामांकडं वळल्या. "ऐकलं का? तवर भिंत फोडून घ्या."

मामा भिंतीकडं तोंड करून जुलाब लागल्यावर काय करावं त्याचा तक्ता वाचायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळत होते, तो काही केल्या नीट गुंडाळला जात नव्हता.