खंडेनवमीला उतरवलेला गंज

खंडेनवमीच्या सकाळी संयोगिता कोरेगावच्या बाजारातून झेंडूची फुलं घेऊन घरी आली आणि सोप्यात पाऊल टाकताच हातातली पिशवी खाली पडली. पाटावर कोयते, विळे, खुरपी अशी घरातली सगळी हत्यारं मांडली होती आणि त्यांच्या पुढे, मानाच्या जागी, तिच्या लोखंडाच्या पट्ट्या ओळीनं ठेवल्या होत्या. लखलखीत! प्रत्येकीवर हळदीकुंकवाची बोटं.

"आबा! ह्या कुणी घासल्या?"

"आमीच की!" तिचे आजोबा नाथाजी छाती फुगवून म्हणाले. "लय गंजल्या हुत्या बग. चिंच लावली, रांगोळीनं घासल्या, वरनं तेलाचा हात दिला. बोटं सोलपाटली, पर एक ठिपका ठिवला न्हाई."

संयोगितानं एकेक पट्टी उलटून बघितली. खरंच एक ठिपका नव्हता.

आता यात म्हाताऱ्याचं काय चुकलं? नाथाजी पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. दसऱ्याच्या दिवसांत घरात गंजकं लोखंड म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सुतक. शिवाय घरातल्या प्रत्येकाचं हत्यार पूजेला बसणार आणि शिकणाऱ्या नातीचं तेवढं कोपऱ्यात कागदात गुंडाळून राहणार, हे त्यांना बघवलं नाही.

पण पोरीची अडचण निराळीच होती. ती सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मटेरियल सायन्समध्ये एम.टेक. करत होती आणि गंज हाच तिचा अभ्यास होता. पाणी देऊन देऊन मीठ फुटलेल्या रानात लोखंड कसं गंजतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तिनं निम्म्या पट्ट्या कॉलेजात मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडल्या होत्या आणि निम्म्या घरच्या ओढ्याकडच्या चोपण रानात पुरल्या होत्या. अख्खा पावसाळा त्या तिथं गंजत पडल्या. त्या उकरून आणल्या कालच. दसरा झाला की सांगलीला न्यायच्या, दोन्हींचा गंज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, डिसेंबरात प्रबंध द्यायचा आणि जानेवारीत पुण्याच्या कंपनीत नोकरीवर हजर व्हायचं, असा सगळा बेत होता. तो बेत आबांनी चिंचेच्या कोळात बुडवला.

"आवं आबा, तो गंजच तर पायजे हुता मला!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"गंज पायजे?" आबांनी सुनेकडे, संयोगिताच्या आईकडे, बघितलं. "एवढी फी भरून पोरगी गंज शिकती व्हय?"

"मला काय इचारता? तुमीच न्हाई का पेढं वाटलं तिला अ‍ॅडमिशन मिळाली तवा?" सून म्हणाली.

चूक कळल्यावर आबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. फौजी माणूस, लगेच मोहिमेवर निघाला. "गंज काय, उद्यापर्यंत चढवतो," असं म्हणून त्यांनी पट्ट्या घमेल्यात घातल्या आणि घरातलं सगळं मीठ वर ओतलं. संध्याकाळी आमटी अळणी झाली, तेव्हा सुनेला मिठाचा पत्ता लागला. मग जी काय बोलाचाली झाली, ती ऐकून शेजारचे बाळासो धावत आले. त्यांना अर्धीच गोष्ट कळली.

"वयनी, गंज पायजे म्हनं तुमाला? किती? आमच्या हिरीवर जुनं इंजान पडलंय. घमेलंभर निघंल."

"काका, दुसऱ्याचा गंज लावून कसं चालंल? ती काय नवरीची हळद हाय?" संयोगिता म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी आबांनी घमेलं तिच्यापुढे धरलं. पट्ट्यांवर नारिंगी डाग आले होते. "आला का न्हाई?"

"आबा, अख्ख्या पावसाळ्याचा गंज एका रातीत येतो व्हय? सर नुसतं बघूनच वळकतील. आमचे लाड सर लय कडक हायती. नमुन्याला नुसतं बोट लागलं तरी बाहेर काढत्यात. आता माझी नोकरी गेलीच म्हणून समजा."

हे ऐकून मात्र म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. सोनं वाटायलाही ते बाहेर पडले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय. मी येतो सांगलीला. तुज्या सायबाफुडं मी हुबा ऱ्हातो."

तिनं लाख नको म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी कोरेगाव स्टेशनवर आबा इस्त्रीचा कोट घालून तिच्या आधी हजर होते. सांगली येईपर्यंत ते मनातल्या मनात बोलणी घोकत होते आणि संयोगिता खिडकीबाहेरचा ऊस बघत सरांच्या शिव्या मोजत होती.

लाड सरांच्या प्रयोगशाळेच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. दोघं आत गेली तर सर चटकन उठून उभे राहिले. एरवी मान वर न करणारा माणूस!

"ये, ये. बस. आजोबा का? बसा ना. पाणी घ्या." मग ते घसा खाकरून टेबलाकडे बघत बोलू लागले. "संयोगिता, रागावू नकोस. परवा शिपाई रजेवर होता. खंडेनवमीला लॅबची पूजा चुकवायची नाही, म्हणून सगळं मीच आवरलं. टाकीतल्या पट्ट्या तू जाताना बाहेर वाळत ठेवल्या होत्यास, त्या मला मागच्या बॅचचं भंगार वाटल्या. गंजलेलं पूजेत कसं ठेवायचं, म्हणून मी त्या... घासल्या."

संयोगितानं ओढणी तोंडावर धरली. सरांना वाटलं, पोरगी आता रडणार.

"तू काळजी करू नकोस!" ते घाईघाईनं म्हणाले. "नोंदवही बघून चूक कळली, तशी प्रबंधाला मार्चअखेरपर्यंत मुदत मागून घेतली मी, माझ्या चुकीमुळे उशीर झाला असं स्पष्ट सांगून. तुझ्या कंपनीतही फोन केला. ते एप्रिलपर्यंत थांबायला तयार आहेत. नव्या पट्ट्या टाकू. शेतातल्या तरी तुझ्याकडे शाबूत आहेत."

नोकरी वाचली! तिला असं हलकं वाटलं की पहिल्यांदा शेतातल्या पट्ट्या आठवल्याच नाहीत. आठवल्या तेव्हा तिनं टेबलाखालून आबांचा पाय दाबला. सर एवढे नरमले होते, निदान आज तरी गप्प बसावं. पण सुभेदार नाथाजी ताडकन उठले आणि सावधान उभे राहिले.

"सायेब, त्याबी ऱ्हायल्या न्हाईत. मी घासल्या."

त्यांनी पिशवीतल्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. घरातून निघताना मिठाचे डाग त्यांनी पुन्हा घासून काढले होते. साहेबापुढे गंजलेलं काय न्यायचं!

संयोगितानं डोळे मिटून घेतले. मग तिनं एक डोळा उघडून बघितलं. लाड सरांनी एक पट्टी उचलून खिडकीकडे धरली होती. ड्रॉवरमधून त्यांनी आपली एक काढली, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि खुर्ची आबांच्या जवळ ओढली.

"आजोबा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही कशानं घासल्या हो? माझ्या एवढ्या लख्ख नाही निघाल्या."