बाल्कनीला कुलूप

चार पोरं वाढवली, एक नवरा वळणावर आणला, तिथं वीतभर झाडाची काय बिशाद! शेजारीण येता-जाता आपल्या बोन्सायचं कौतुक ऐकवायची. शेवटी मी म्हटलंच, "पुढच्या महिन्यात इमारतीत प्रदर्शन आहे ना? मीही मांडते माझं. बघू कुणाचं नाक वर राहतं!"

सून म्हणाली, "आई, आधी कुणाकडून तरी शिकून घ्या."

"चौथीच्या पुढं मी कुणाकडून काही शिकले नाही. अडलं का माझं?"

हिशेब सरळ होता. पोटभर खाईल ते वाढेल. वाढू द्यायचं नाही, तर उपाशी ठेवायचं! म्हणून रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाला आठवड्याला एक चमचा पाणी. सपाट चमचा!

दोनच दिवसांनी कुंडीत बोट घालून बघते, तर माती चिंब! मी काय घरच्यांना ओळखत नाही? सुनेला गाठलं. "माझं झाड ताडासारखं वाढवून मला चारचौघांत तोंडघशी पाडायचा डाव आहे का गं?"

"मी कशाला पाणी घालू, आई?" असं म्हणाली खरी, पण भांडी फार जोरात विसळायला लागली. निर्दोष माणूस भांडी हळू विसळतो!

बाल्कनीला कुलूप ठोकलं. किल्ली कमरेला. तरी माती ओली! वर पानं पिवळी पडून गळायला लागली. आता मला सगळेच चोर दिसायला लागले. हे पेला घेऊन खिडकीशी उभे राहिले तरी मी विचारायची, "एवढी कसली तहान लागते हो तुम्हाला?"

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी पडद्याआड दबा धरून बसले. शेजारच्या बाल्कनीतून बगळ्याच्या मानेसारखी लांब तोटी हळूच पुढं आली. झारी! मी कुलूप काढून झेपावले.

"सापडलीस! माझं झाड बुडवतेस?"

"अहो वहिनी, बुडवते कसली! तहानेनं तडफडत होतं बिचारं. रोज थोडं घालते. जीव आहे हो त्याला!"

आरडाओरडा ऐकून घर गोळा झालं. सून खाली बघत म्हणाली, "मी फक्त गजातून बर्फाचे खडे टाकायचे."

"मी पेलाभर," हे पुटपुटले. "सकाळी. आणि दुपारी."

मुलानं नुसता हातातला फवारा पाठीमागं लपवला.

शेजारणीनं खोडाला हात लावला, तर झाड अलगद वर आलं. मुळं कुजून काळीठिक्कर!

"वहिनी, एवढ्या पाण्यात मासा जगला असता."

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात माझ्या नावाची पाटी होती, तिच्यामागं नुसतं टेबल. पहिला नंबर शेजारणीचा. टाळ्या वाजवल्या मी. एका हातानं जेवढ्या वाजतात तेवढ्या.

परत येताना शेजारीण धरून सगळी वरात माझ्यामागं. जिना चढताना ह्यांना धाप लागली आणि माझी नजर ह्यांच्या पोटावर गेली. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ह्यांचं गोड बंद आहे. डबे माझ्या कपाटात, कुलूप माझं. तरी सदऱ्याचं बटण लागत नाही!

"काय हो," मी थांबून विचारलं, "तुमचं वजन कशानं वाढतंय?"

हे छताकडं बघायला लागले. सुनेला एकदम गॅस चालू राहिल्याची आठवण झाली. मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाला. आणि शेजारणीनं तर बक्षिसासकट आत जाऊन दारच लावून घेतलं!