साडूचा टीव्ही आणि माझी मान

साडूने थ्रीडी टीव्ही घेतल्याची बातमी बायकोने चहाबरोबर दिली आणि चहा कडू लागला. (साखर नेहमीएवढीच होती.) रविवारी सिनेमा बघायला बोलावणं आलं, तेव्हाच ठरवलं: जायचं, पण कौतुक म्हणून करायचं नाही.

त्यामुळे त्यांच्या सोफ्यावर मी मुद्दामच रेललो. सोफ्याच्या हातावर कोपर टेकवलं, तळहातावर गाल ठेवला आणि असले टीव्ही आपण रोज ओवाळून टाकतो असा चेहरा केला. साडूने सगळ्यांना बॅटरीवाले चष्मे वाटले. सिनेमा समुद्राखालचा होता.

"अगंबाई, मासा ओंजळीतच आला की!" मेहुणी ओरडली.

"भाऊजी, काय टीव्ही घेतलात हो!" हे माझी बायको. मला ती असं 'काय हो' कधी म्हणत नाही. (म्हणते, पण सूर वेगळा असतो.)

मला मात्र अंधारात एका माशाचे दोन मासे दिसत होते, एकमेकांवर चढलेले. मनात उकळ्या फुटल्या. टीव्ही बिघडलेला निघाला!

"साडूभाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण दुकानदाराने फसवलं तुम्हाला. सगळं डबल दिसतंय."

"आम्हाला तर छान दिसतंय."

"मग मोडका चष्मा नेमका मलाच दिलात!"

बिचाऱ्याने स्वतःचा काढून दिला. तोही तसलाच. बायकोचा ओढून घेतला. तोही! मेहुणीच्या चष्म्याकडे हात वळला, तशी बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, आता डोळेच बदलून घ्या."

साडूने मला निरखून पाहिलं. "आधी मान सरळ करा बघू. यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात. डोकं आडवं केलं की ती जुळत नाहीत, अंधारूनही येतं."

त्याला खोटं पाडायचं म्हणून मी ताठ बसलो. तेवढ्यात एक शार्क जबडा वासून थेट माझ्या नाकावर आला. मी किंचाळलो आणि शेजारी जो कोणी होता त्याला कडकडून मिठी मारली.

तो साडू होता.

"घाबरू नका, मी आहे ना," तो माझी पाठ थोपटत म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण सिनेमा संपेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही.

घरी येताना बायको गप्प होती. मला जरा बरंच वाटलं.

"रुसलीस? त्याचा हात धरून बसलो म्हणून?"

"छे हो! विचार करतेय, असा धीराचा नवरा ताईला मिळाला तरी कुठे?"