चाकांवरचं माहेर

एका जंगलात, जिथे प्रत्येकाला दुसऱ्याचं कसं चुकतंय हे फार लवकर कळायचं, तिथे रंगोजीराव नावाचा गवा राहत होता. गवा म्हणजे रानातला दांडगा बैल, मुलांनो. मागे कोणीतरी म्हैस म्हणालं होतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रंगोजीरावांच्या बायकोचं नाव भीमाबाई. त्यांना एकुलती एक लेक, चिमणा. अंगापिंडाने ती नावाला अजिबात शोभत नव्हती, पण लाडाचं नाव ते लाडाचं. चिमणाला घाटाखालच्या रानात दिली होती. आता तिचे दिवस भरत आले होते.

त्या जंगलात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत होती. माहेरी म्हणजे माहेरच्या घरात. नेमकं वैद्यांनी चिमणाला घाट चढायला साफ मनाई केली. आणि खालून विहीणबाईंचा निरोप आला, "पहिलं बाळंतपण सासरी झालं तर आम्ही चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? तुमचं काय ते तुम्ही बघा."

भीमाबाईंच्या डोळ्याला डोळा लागेना.

"अहो, पोरीचे हाल होतील हो. काहीतरी करा."

"तिला इकडे येता येत नाही, त्याला मी काय करू?"

"मग माहेर तिकडे न्या."

हे बोलायला सोपं होतं. पण दांडग्या प्राण्यांना एखादी गोष्ट अवघड आहे हे उशिरा कळतं. रंगोजीरावांनी घराखाली दोन चाकं बसवली. पुढे लांब दांडी लावली. दांडीचा आकडा आपल्या कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा आणि घर ओढत न्यायचं, असं ठरलं.

पण मनात आलं आणि घर ओढलं, असं तिथे चालत नव्हतं. आधी रीतसर शिकावं लागे. तसा कायदाच होता. शिकवायला कूर्माजी मास्तर होते. हे कासव. ज्याच्याजवळ जन्मापासून फिरतं घर आहे, त्याच्याहून जाणकार कोण असणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मास्तरांचं घर पाठीवर होतं, मागे नव्हतं. त्यांनी उभ्या आयुष्यात काडीसुद्धा ओढली नव्हती. पण हे विचारायचं कोणी? विद्वानांना असलं विचारत नाहीत, मुलांनो.

मास्तर नियम पाढ्यांच्या चालीवर घोकून घेत.

"जड सामान कुठे?"

"खाली, मधोमध, चाकांच्या वर!"

"मागे जड झालं तर?"

"घर उलाळ होतं, दांडी वर उचलली जाते!"

"घर डुलू लागलं तर?"

"पळू नये, पाय आवरावा!"

"आकडा निसटला तर?"

"साखळी धरून ठेवते!"

"चालत्या घरात?"

"कोणी बसू नये!"

नियम सगळे बरोबर होते बरं का. एकही खोटा नव्हता. परीक्षेला घर आणायचं नव्हतं, नुसते नियम म्हणून दाखवायचे होते. रंगोजीराव पहिले आले. त्यांच्या शिंगांत हार घालण्यात आला.

निघायच्या दिवशी सगळं रान निरोप द्यायला लोटलं. रिकाम्या हाताने कोणी आलं नव्हतं. अस्वलीणकाकूंनी डिंकाच्या लाडवांचं पिंप आणलं. रानडुकरीणबाईंनी सुरणाची पोती आणली. कोणी बाळंतिणीच्या शेकासाठी गोवऱ्या आणल्या. "लेकीसाठी आणलंय" म्हटल्यावर परत कसं पाठवायचं?

"वहिनी, हे कुठे ठेवू?"

"मागेच ठेवा हो."

त्याला कारण होतं. घराच्या पुढच्या भागात देव्हारा होता, आणि देवासमोर सुरण ठेवत नाहीत. मधोमध चिमणाची बाज मांडली होती. बाळंतिणीच्या बाजेभोवती पसारा बरा दिसत नाही. राहिला मागचा भाग. रंगोजीराव बाजूला उभे राहून "खाली, मधोमध, चाकांच्या वर" असं मोठ्याने म्हणत होते. म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच एक पोतं उचललं आणि मागे नेऊन ठेवलं.

पाळणा टांगायला साखळी सापडेना. भीमाबाईंनी दांडीजवळची काढून घेतली.

"अगं, ती आकडा निसटला तर लागते!"

"निसटला तर ना? बाळाला पाळणा लागणारच आहे."

रंगोजीरावांनी साखळी पाळण्याला बांधून दिली. यावर तुम्हाला काही उत्तर सुचतंय का? नाही ना? मग हसू नका.

शेवटी सुईण आली. गोदूमावशी. हत्तीण होती. रानातली निम्मीअधिक पिल्लं तिनेच जगात आणलेली. ती सरळ घरात शिरली.

"मावशी, चालत्या घरात कोणी बसू नये," मास्तर म्हणाले.

"माझे गुडघे उतारावर बोलतात. आणि मला गाडी लागते, म्हणून मी आपली मागच्या दाराशी बसते. वारा येतो. मास्तर, तुमचा जन्म कसा झाला हो?"

"अंड्यातून."

"मग बाळंतपणात बोलू नका."

मास्तरांनी मान आत घेतली.

मावशी टेकली तशी दांडी वर उचलली गेली आणि रंगोजीरावांचे मागचे पाय जमिनीवरून सुटले.

"घर हलकं लागतंय," ते खुशीत म्हणाले. मास्तर त्यांच्या पाठीवर बसले, भीमाबाई बाजूने चालू लागल्या, आणि मंडळी निघाली.

मागचं दिसावं म्हणून कायद्याप्रमाणे रंगोजीरावांच्या दोन्ही शिंगांना आरसे बांधले होते. उजव्या आरशात त्यांना घर डावीकडे जाताना दिसलं. डाव्या आरशात उजवीकडे जाताना दिसलं. घर डुलत होतं. "पळू नये, पाय आवरावा," मास्तर ओरडले. "पळू नये, पाय आवरावा," असं म्हणत रंगोजीराव घाबरून सुसाट पळाले. जितके पळाले तितकं घर जास्त डुललं. वाटेवरची झाडं दोन्ही बाजूंनी सोलून निघाली, आणि वरात घाटमाथ्याच्या नाक्यावर येऊन थांबली.

नाक्यावर साळिंदर हवालदार होता. त्याने घराला फेरी मारली.

"मागे लाल फडकं?"

"आहे. माझं लग्नातलं लुगडं आहे," भीमाबाई म्हणाल्या.

"आत कोणी बसलंय का?"

"छे हो."

"कोणी नाही हो," आतून गोदूमावशी म्हणाली.

हवालदाराचं समाधान झालं. आतूनच खात्री मिळाल्यावर आणखी काय पाहिजे? पण मोकळं सोडलं तर तो हवालदार कसला!

"मागे नंबराची पाटी नाही. घर मागे घ्या. कडेला लावा. पाटी रंगवा. मग जा."

तेवढ्यात खालून एक कोल्हा जीव मुठीत धरून धावत आला.

"भीमाबाई, चला लवकर! चिमणाला कळा सुरू झाल्यात. विहीणबाई तिला अंगणात उभी करून ठेवतायत. घरात घेत नाहीत. म्हणतात, माहेर येऊ दे आधी!"

 भीमाबाई हवालदाराच्या पाया पडल्या. "दादा, पोर माझी उन्हात उभी आहे हो. जाऊ द्या."

"जाल की. आधी मागे घ्या."

आणि रंगोजीराव मागे सरकू लागले. लगेच आजूबाजूच्या झाडांवरून वानरं उतरली. कोणाची गाडी मागे येताना दिसली की मागे उभं राहून हात हलवायचा, हे त्या रानात जन्मतःच येत असे.

"येऊ द्या, येऊ द्या! येऊ द्या!"

"डावीकडे कापा!"

"अहो, उजवीकडे! येऊ द्या, भरपूर जागा आहे!"

रंगोजीराव डावीकडे दबले तर घर उजवीकडे वळलं. ते उजवीकडे दबले तर घर आणखीच भलतीकडे गेलं. वानरं "येऊ द्या" म्हणत राहिली. वळता वळता घर पार फिरलं आणि रंगोजीरावांच्या शेजारी येऊन, मागचं दार उताराकडे करून उभं राहिलं.

"बास, बास, बास!" वानरं म्हणाली. ती नेहमी उशिराच म्हणतात.

दांडी वर उचलली गेली. आकडा पट्ट्यातून निसटला. साखळी आत पाळण्याला होती. घर घाट उतरू लागलं.

"माझ्या लेकीचं माहेर गेलं हो!" भीमाबाईंनी हंबरडा फोडला आणि त्या धावत सुटल्या. मागे रंगोजीराव. त्यांच्या पाठीवर मास्तर, "साखळी धरून ठेवते, साखळी धरून ठेवते" असं म्हणत. त्यांच्यामागे हवालदार, पाटी पाटी करत.

घरात गोदूमावशी होती. तिने मागच्या दारातून सोंड बाहेर काढली आणि दिसेल ते झाड धरायला सुरुवात केली. झाड उपटून यायचं, पण तेवढं घर सावकाश व्हायचं. मध्ये मध्ये ती ओकत होती. तरी तिने एकही वळण चुकवलं नाही. घर विहीणबाईंचं कुंपण मोडून आत गेलं आणि गवताच्या गंजीत रुतून थांबलं.

"काय गं, किती वेळ झाला?" मावशीने दारातूनच विचारलं आणि सोंडेने चिमणाला उचलून आत घेतलं. विहीणबाईंनी कुंपणाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि पाणी तापवायला ठेवलं.

भीमाबाई पोचल्या तेव्हा आतून वासराचा आवाज येत होता. त्यांना धाप लागली होती, पाय रक्ताळले होते. त्या उंबऱ्याशीच थबकल्या. आत चिमणा बाजेवर पडली होती, घामाने भिजलेली. तिने आईकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आई, माहेर केव्हाच आलं गं. तूच कुठे राहिलीस?"

भीमाबाई खाली बसल्या आणि पोटभर रडल्या. बाहेर मास्तर, हवालदार आणि वानरं यांच्यात, नेमकं कोणाच्या मार्गदर्शनामुळे घर सुखरूप पोचलं, यावर भांडण जुंपलं होतं.

तर मुलांनो, आता तात्पर्य. नीट बसा.

तात्पर्य: घर ओढण्याचे नियम सगळ्यांनी तोंडपाठ करावेत. म्हणजे घर सुटून पुढे गेल्यावर, त्याच्यामागे धावताना म्हणायला काहीतरी असतं.